व्हॉल्व्हमनची शोकसभा

मृत्यू हा माणसापुढचा शेवटचा आणि सर्वांत गहन प्रश्न आहे, असं थोर लोक मानत आले आहेत. आमच्या धंद्यात तो साधारण तिसऱ्या अंकात सुटतो. पहिल्या अंकात नायक मरतो, दुसऱ्यात सगळे रडतात, तिसऱ्यात एखादा शास्त्रज्ञ, एखादा साधू किंवा पानं कमी पडत असतील तर नुसतीच वीज त्याला उठवते. कॉमिक्सच्या महाबली नायकांच्या पाच मालिका मी बरीच वर्षं लिहीत होतो, आणि त्यांतला जवळपास प्रत्येक जण एकदा तरी मरून आलेला होता. अपवाद एकाचाच होता. तो माझा होता.

बाकीचे चार मला आयते मिळाले. आमच्या शेठजींचा छापखाना उल्हासनगरात, कॅम्प तीनला, जीन्स शिवणाऱ्या कारखान्यांच्या गल्लीत आहे. लग्नपत्रिका हा त्यांचा मुख्य धंदा. मेंदीच्या डिझाइनची पुस्तकं, अंकलिप्या, चित्रं रंगवायच्या वह्या हा जोडधंदा. कॉमिक्स ही आपली हौस आहे, असं ते पाहुण्यांना सांगतात. हौसेला लागणारा कागद मात्र पत्रिकांच्या कापणीतून जो उरेल तो. त्यांचे चार नायक शेजारच्या कारखान्यांत जीन्स तयार होते त्याच रीतीने तयार झालेत. परदेशी नमुना समोर ठेवायचा, तसाच कापायचा, रंग बदलायचा आणि एक खिसा जास्त लावायचा. एक उडतो. एकाचे हात लोखंडाचे आहेत. एकाला अंधारात दिसतं. चौथ्याची नेमकी शक्ती काय, हे मला आजतागायत कळलेलं नाही. आधीचे लेखक एकाएकी सोडून गेले, आणि मी शेठजींना विचारलं तेव्हा ते म्हणाले, “स्ट्राँग है, बस. आप लिखो ना.” मी लिहितो आहे. वाचकांनीही कधी विचारलेलं नाही.

पाचवा मी स्वतः घडवला. त्याला जमिनीखालच्या नळांतलं पाणी ऐकू येतं. कुठल्या पाइपात किती पाणी आहे, ते कुठे वळवलं जातंय, कुठे मुरतंय, हे त्याला रस्त्यावर नुसतं उभं राहून कळतं, आणि जमिनीला हात टेकला की तो ते हवं तिकडे फिरवू शकतो. दिवसा तो पाणी खात्यात व्हॉल्व्हमन आहे. म्हणजे लांब लोखंडी चावी घेऊन सायकलवरून फिरायचं आणि ठरल्या वेळी एकेका भागाचं पाणी सोडायचं. परदेशातल्या वाचकाला ही शक्ती किरकोळ वाटेल. त्याने एक उन्हाळा बदलापूरला काढावा.

शेठजींना तो पहिल्यापासून पसंत नव्हता.

“उडता नहीं?”

“नाही.”

“फिर मारता किसको है?”

“टँकरवाल्यांना.”

शेठजींच्या मेहुण्याचे टँकर होते. शेवटी खलनायक टँकरवाला नसावा, तो परग्रहावरून यावा, अशी तडजोड झाली. इतक्या लांबून आलेले हे परग्रहवासी सगळी पृथ्वी सोडून थेट जांभूळच्या पाणी शुद्धीकरण केंद्रावर का उतरतात, हे मी दर अंकात नव्याने समजावून देत असे.

पण तो मला आवडायचा. त्या चौघांचं मी फक्त काम करत होतो. याचा मात्र मी भाजी घेतानाही विचार करायचो. त्याला एक बायको होती. तिला त्याचं गुपित माहीत होतं आणि त्याचं तिला काडीचं कौतुक नव्हतं, कारण सगळ्या गावाला पाणी देणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या घरात पाणी येत नव्हतं. आपल्या घराकडे पाणी वळवणं हा शक्तीचा गैरवापर होईल, असं त्याचं तत्त्व होतं. तिचं म्हणणं होतं की तत्त्व असू दे, पण मग हंडे तू भर. अंकात या दोघांना जेमतेम एक पान मिळायचं, बाकी सगळं मारामारीत जायचं. त्यांचं पुष्कळ लिहायचं राहिलं होतं.

आमच्याकडे गोष्टीआधी कव्हर छापलं जातं. याचं कारण पितृपक्ष. त्या पंधरवड्यात कुणी लग्नपत्रिका छापायला टाकत नाही, मशीन रिकामं बसतं, म्हणून शेठजी वर्षभराची सगळी कव्हरं तेव्हाच उरकून घेतात. कव्हरवर काय असावं ते ते आणि चित्रकार मिळून ठरवतात. मला ती छापून झाल्यावर मिळतात, आणि मग तिथपर्यंत पोहोचेल अशी गोष्ट मी रचतो. कव्हरवर मगर असेल तर आत मगर आणावीच लागते. एकदा चित्रकाराने रंग उरला म्हणून मगरीला पंख काढले, तेव्हा चार पानं नुसत्या खुलाशात गेली.

एका वर्षी पितृपक्ष संपल्यावर मी विठ्ठलवाडीला उतरून नेहमीसारखा छापखान्यात गेलो, तर गठ्ठ्यात सगळ्यात वर माझा नायक मरून पडलेला. बायकोच्या मांडीवर डोकं, बाजूच्या डबक्यात तरंगणारा मुखवटा, आणि वर ‘अंत’ या शब्दापुढे तीन उद्गारचिन्हं.

“याला का मारलंत?” मी विचारलं.

“सब का एक एक बार हो गया, लेखकजी. इसका बाकी था.”

“चांगला चाललाय की तो.”

“कुठे चालतो? साइकिल पे चलता है.” शेठजी स्वतःच्या विनोदावर हसले आणि मग माझा चेहरा पाहून त्यांनी दुसरा गठ्ठा ओढला. “अरे साईं, टेन्शन मत लो. ये देखो.”

त्या कव्हरवर फुटलेल्या जलवाहिनीच्या कारंज्यावर माझा नायक उभा होता, दोन्ही हात वर, आणि खाली ‘तो परत आला’.

“छपा हुआ है,” शेठजी म्हणाले. “छपा हुआ कभी वापस जाता है क्या?”

हे मला पटलं. त्या छापखान्यात छापलेल्या गोष्टीला फार मान होता. मागे एका पत्रिकेवर मुहूर्ताची वेळ चुकीची छापली गेली, तेव्हा शेठजींनी वधूपित्याला मुहूर्त बदलून घ्यायचा सल्ला दिला होता.

घरी येऊन मी हे बायकोला सांगितलं. ती अंबरनाथच्या शाळेत गणित शिकवते आणि माझ्या नायकांकडे सासरच्या लांबच्या नातेवाइकांकडे पाहावं तसं पाहते.

“पितृपक्षात छापलंय ना त्याला?” ती म्हणाली. “आता कसला उठतोय.”

“अगं, उठल्याचं कव्हरही त्याच पंधरवड्यात छापलंय.”

“मग तर बघायलाच नको.”

मेल्यावर मुखवटा निघतो, हा या साहित्यप्रकाराचा नियम आहे. त्यामुळे त्या अंकात त्याचा खरा चेहरा आणि खरं नाव उघड करायचं होतं. नाव मी मुद्दाम इतकं साधं ठेवलं होतं की बदलापुरातल्या आमच्या हेंद्रेपाड्यात कुठल्याही इमारतीच्या जिन्यात त्या नावाने हाक मारली तर दोन तरी दारं उघडतील. चेहऱ्यासाठी चित्रकाराचा अंबरनाथहून फोन आला.

“लेखक, मी याला मुखवट्याशिवाय कधी काढलेलाच नाही. नाक कसं आहे याचं?”

“साधं.”

“साधं नाक काढायला सगळ्यात त्रास होतो हो. गरुडासारखं करू का?”

“व्हॉल्व्हमन आहे तो.”

“मग थोडं बसकं देतो.”

तो चेहरा त्याने आयुष्यात काढलेला सर्वांत चांगला चेहरा होता. पाहणाऱ्या प्रत्येकाला वाटायचं, याला आपण कुठेतरी पाहिलंय.

जाहिरातीची कल्पना शेठजींची. गोष्ट बदलापूरची, तर बदलापुरात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावायचा. लोक थांबतील, वाचतील, अंक घेतील. मी पश्चिमेच्या फ्लेक्सवाल्याला मजकूर दिला. वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, मधे तो चेहरा, नाव, खाली ‘पाणी खात्यातील निष्ठावंत सेवक’, आणि सगळ्यात खाली ‘सविस्तर वाचा नव्या अंकात, सर्व स्टॉलवर उपलब्ध’. चेहरा चित्रातला आहे हे कुणाच्याही लक्षात येईल, असं मी धरून चाललो होतो. पण फ्लेक्सवर खऱ्या माणसांचे फोटोसुद्धा इतके गोरे आणि गुळगुळीत करतात की माझा नायकच त्यातल्या त्यात खरा दिसत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला गेलो तर फ्लेक्स लागला होता. शेवटची ओळ गायब. तिच्या जागी ‘शोकाकुल : समस्त मित्र परिवार, हेंद्रेपाडा’. आणि उजव्या बाजूला मृताच्या दुप्पट आकाराचे, हात जोडलेले भाऊ.

भाऊ म्हणजे आमच्या भागाचे भावी नगरसेवक. भावी हे त्यांचं पद आहे आणि ते कित्येक वर्षं त्या पदावर आहेत.

मी फ्लेक्सवाल्याकडे गेलो.

“माझी शेवटची ओळ कुठाय?”

“ती मी काढली, काका,” तो समजुतीच्या सुरात म्हणाला. “मयताच्या फ्लेक्सवर जाहिरात बरी दिसत नाही. लोक तुम्हालाच नावं ठेवतील.”

“आणि भाऊ कुठून आले?”

“ते कॉम्प्युटरमध्ये असतातच. भाऊ नसले ना, की दुपारपर्यंत त्याच्यावर डान्स क्लासवाले चढतात.”

“पण भाऊंना विचारलंत का?”

“श्रद्धांजलीला कोण विचारतं? वाढदिवसाला विचारतो.”

मी म्हणालो, ती ओळ टाकून परत छाप. त्याने उद्या देतो म्हणून सांगितलं. तोवर संध्याकाळी आमच्या इमारतीच्या खालच्या नळावर चर्चा सुरू झाली होती.

“कोण गं गेला? तो उंच का?”

“नाही गं, सायकलवाला.”

“अगबाई. चांगला होता बिचारा. आमच्या बाजूला अर्धा तास जास्त सोडायचा.”

“तरीच आमच्याकडे येत नव्हतं.”

रात्रीच्या जेवणाआधी भाऊंचा एक कार्यकर्ता घरी आला. फ्लेक्सच्या ऑर्डरवर माझा नंबर होता, म्हणजे मी जवळचा, असा त्याचा हिशेब. भाऊंनी शोकसभा ठेवली होती. कुणी ठेवायला सांगितली असं नव्हतं, पण फ्लेक्सवर भाऊंचा फोटो आहे आणि भाऊंनी काहीच केलं नाही, असं दिसलं असतं.

“अहो, तो खरा नाही,” मी म्हणालो.

“खरंच, काका. कुणाचा विश्वासच बसत नाहीये.”

“तसं नाही. तो नव्हताच हो कधी.”

“पहिले काही दिवस असंच वाटतं.” त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि स्वयंपाकघराकडे पाहून आवाज खाली आणला. “काकू, काकांकडे लक्ष ठेवा.”

बायको दारात उभी राहून हसू दाबत होती. ते त्याला हुंदक्यासारखं वाटलं असावं.

सभेला मी गेलो, कारण कुणीतरी उठून खरं सांगायला हवं होतं. मैदानात मंडप, खुर्च्या, निरांजन, आणि हार घातलेला तो फोटो. गर्दी चांगली होती. निवडणुकीच्या दिवसांत आमच्याकडे दुःखालाही गर्दी होते. माझ्या पुढच्या रांगेत आमच्या भागाचा खराखुरा व्हॉल्व्हमन येऊन बसला, चावी खुर्चीला टेकवून.

“हा कुठल्या भागाचा?” त्याने कार्यकर्त्याला विचारलं.

“आपल्याच.”

“आपल्या भागाला तर मी आहे.”

“तुम्ही नवीन असाल.”

“बरीच वर्षं झाली मला.”

“मग त्याच्या आधीचे असाल,” कार्यकर्त्याने निकाल दिला आणि त्याच्या हातात वाहायला फुलं दिली. त्याने ती वाहिली.

भाषणं झाली. एका कारखान्यातून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ म्हणाले की अशी शिस्त आता राहिली नाही. दिवंगत व्यक्तीला ते रोज पहाटे फिरायला जाताना पाहत. मग भाऊ उठले. त्यांनी डोळे मिटले, माइक जवळ घेतला आणि म्हणाले, “गेल्याच आठवड्यात मला भेटला तो. माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, भाऊ, माझं काहीही होवो, पण माझ्या माता-भगिनींच्या डोक्यावरचा हंडा उतरला पाहिजे.”

त्याचे संवाद मी लिहीत होतो. इतका वाईट संवाद मी त्याच्या तोंडी कधी घातला नव्हता.

टाळ्या वाजल्या, मग शोकसभा आहे हे आठवून थांबल्या. माझ्या शेजारी जवळच्या पाड्यातली एक म्हातारी बसली होती. ती मात्र खरंच डोळे पुसत होती. मी विचारलं, तुम्ही ओळखत होता का? ती म्हणाली, “नाय रं बाबा. पाणी सोडणाऱ्याला नाव असतंय हे आजच समजलं.”

यानंतर मी उठून खरं सांगणार होतो, पण भाऊंनी शांतता पाळायला सांगितली. सगळे उभे राहिले. अर्धं मिनिट झालं असेल-नसेल, तोच शेजारच्या इमारतीच्या टाकीत पाणी पडल्याचा आवाज आला आणि निम्मी सभा धावत गेली. उरलेल्यांसमोर भाऊंनी घोषणा केली की जवळच्या चौकाला दिवंगताचं नाव देण्यात येईल. फलक त्याच आठवड्यात लागला. त्या भागात इतक्या वेगाने झालेलं दुसरं काम मला आठवत नाही.

‘अंत’चा अंक मात्र जोरात खपला. सभेला आलेल्या मंडळींच्या घरातली पोरं तो वाचत होती, त्यामुळे काही दिवसांत सगळ्यांना सगळं कळलं. कुणी मला काही बोललं नाही. शोकसभेत पाहिलेल्या माणसाला आपण ओळखत नव्हतो, हे कबूल करण्यापेक्षा गप्प राहणं सोयीचं होतं. मी परतीचा अंक लिहायला घेतला. या वेळी मी त्या नवरा-बायकोला चांगली सहा पानं दिली होती. तो परत येतो, दारात उभा राहतो, आणि ती म्हणते, “आलास? हंडा उचल.” मग तो पहिल्यांदाच आपलं तत्त्व बाजूला ठेवतो, घराच्या फरशीवर हात टेकवतो आणि वाट पाहतो. हे मी वर्षानुवर्षं राखून ठेवलं होतं.

अंक छपाईला जायच्या बेतात असताना शेठजींनी मला भाऊंच्या जनसंपर्क कार्यालयात बोलावलं. शेठजी आधीच चहा घेत बसले होते. भाऊंसमोर माझा अंक होता.

“हा माणूस कॉमिक्समधला आहे, हे तुम्ही आधी सांगायला हवं होतं,” भाऊ म्हणाले.

“सांगितलं होतं.”

“कुणाला?”

“जो भेटेल त्याला.”

“असू दे. काल्पनिक असला तरी कार्यकर्ता चांगला होता.” भाऊंनी अंक उलटा ठेवला. “आता परत येतोय म्हणे?”

“हो. पुढच्या महिन्यात.”

“कसा काय?”

“त्याचं असं आहे, की त्याचे प्राण पाण्यात उतरलेले असतात आणि जलवाहिनीतून...”

“ते मरू द्या. चौकाला नाव दिलंय मी त्याचं. मी हार घातलाय. उद्या तो उठून आला, तर विरोधक काय म्हणतील? भाऊंनी जित्याजागत्या माणसाला श्रद्धांजली वाहिली?”

“तुमच्या श्रद्धांजलीमुळेच उठला, असं सांगा.”

भाऊंनी यावर खरोखर विचार केला. मग मान हलवली.

“नाही. परत आला, तर लोक त्यालाच उभा करतील. घरोघर पाणी देणारा माणूस, वर मेलेला आणि परत आलेला. त्याच्यासमोर माझं काय राहणार?”

मी हसलो. भाऊ हसले नाहीत. मी शेठजींकडे वळलो.

“शेठजी, कव्हर छापलेलं आहे.”

शेठजी छताकडे पाहत होते. टेबलावर भाऊंच्या प्रचारपत्रकांचा नमुना पडला होता आणि कोपऱ्यात आमच्याच छापखान्याचा शिक्का होता. “लेखकजी,” ते हळूच म्हणाले, “मरा हुआ ही अच्छा लग रहा है.”

घरी आल्यावर मी बायकोला सांगितलं की तो आता कायमचा गेला. मला वाटलं, ती पितृपक्षाचा विषय काढेल. ती वह्या तपासत होती, पेन थांबवून तिने विचारलं, “मग तिच्या घरी पाणी आलं की नाही?”

“नाही.”

“शोभतं तुम्हाला,” ती म्हणाली, आणि पुढची वही ओढली. माझ्या कुठल्याही मालिकेवर तिने घेतलेला हा पहिला आणि शेवटचा आक्षेप.

‘तो परत आला’ची कव्हरं वाया गेली नाहीत. शेठजींनी आत एकरेघी कागद घालून शाळेच्या वह्या केल्या. ती सहा पानं माझ्याकडे आहेत. ज्याची शक्ती मला माहीत नाही त्या चौथ्याच्या गोष्टीत ती बसवून पाहिली, पण त्याला बायको नाही. नवा पाचवा नायक सुरू झालाय. तो उडतो. भाऊ निवडणूक हरले आणि पुन्हा भावी झाले, पण चौकावरचा फलक काढायची हिंमत त्यांच्या विरोधकांनाही झाली नाही. मेलेल्या माणसाशी वैर नको, असं ते म्हणाल्याचं ऐकलं. फलक चांगला मोठा आहे, निळ्या पाटीवर पांढरी अक्षरं, वर पालिकेचं बोधचिन्ह. माझ्या माणसाच्या नावाआधी ‘कैलासवासी’ लिहिलंय.

रिक्षावाले त्या चौकाला अजूनही गॅस गोडाऊन म्हणतात.